सोरेलच्या तोंडाशी गप्प बसणारी त्रूदे

त्रूदेमावशी मेलेल्यांशी बोलते, असं आमच्या खोऱ्यात सगळे सांगतात. आता तर ते छापूनही आलंय. आमच्या प्रांतातल्या अजब गोष्टींचं एक रंगीत पत्रक निघालं आहे, कियावेन्नाच्या स्टेशनवर फुकट मिळतं. त्यात वरती सुरवंटांवर भरलेला जुना खटला आहे. त्याच्याखाली, एका संध्याकाळी अख्खंच्या अख्खं डोंगराखाली गडप झालेलं पियुरो गाव आहे. आणि अगदी तळाला, वाईनच्या कपाच्या चित्राशेजारी, आमची त्रूदे: 'इथल्या एका क्रोत्तोची वृद्ध मालकीण दररोज दुपारी जमिनीखालच्या गावकऱ्यांशी गप्पा मारते.'

पत्रकवाल्यांना हे सांगितलं बेकरीतल्या पिएरिनाने. पिएरिना पाव कागदात गुंडाळता गुंडाळता बोलते, आणि कागद जितका जास्त चुरचुरतो तितका तिचा आवाज खाली जातो. "मी स्वतः दाराशी उभी होते गं. ही आत म्हणाली, 'काय, कसे आहात सगळे?' आणि आतून, देवाशप्पथ, आतून उत्तर आलं, 'गारठलोय.'" बसचा ड्रायव्हर फाउस्तो तिच्याही पुढे. तो आरशात बघून बोलतो, त्यामुळे आपल्याशी बोलतोय की मागच्या गाडीशी ते कळत नाही. "गप्पा कसल्या? सोनं काढतेय ती. खालच्या शेठ लोकांचं. दुपारी एक चमचा, दुपारी एक चमचा. बघा तुम्ही."

सगळं खोटं. आमचं घर तिच्या क्रोत्तोच्या, म्हणजे डोंगराला टेकलेल्या दगडी वाईनघराच्या, वरच्या अंगाला आहे, माझी खिडकी तिच्या दारावर उघडते, आणि माझ्या कानांतून सहसा काही सुटत नाही. त्रूदेमावशी आत मेलेल्यांशी बोलत नाही, आणि जिवंत माणसांशीही बोलत नाही. क्रोत्तोच्या आत तिच्या तोंडून शब्द म्हणून निघत नाही. मी जन्मले तेव्हापासून नाही, आणि माझी आई म्हणते, ती जन्मली तेव्हापासूनही नाही.

बाहेर मात्र ऐकावं. उंबऱ्यावरून पाय बाहेर पडला, की हिची जीभ सुटलीच. मागच्या उन्हाळ्यात मिलानचा एक पाहुणा आत बसला होता. त्याने मान मागे टाकून, डोळे अर्धे मिटून विचारलं, "ही वाईन नेमकी कुठल्या उतारावरची?" त्रूदेने कप खाली ठेवला. त्याच्या कोटाची बाही चिमटीत धरली. त्याला उठवलं, खोलीतून चालवत नेलं, उंबरा ओलांडला, चेस्टनटच्या सावलीत उभा केला आणि म्हणाली, "उतार? प्यायलास की तुला कळेल उतार कुठे आहे तो! निम्मी प्यायली नाहीस अजून आणि चौकशा करतोस होय रे? ब्रिसाओला आणू का, मुरलेल्या मांसाचे काप? आणते. पैसे बाहेरच्या टेबलावर ठेव, आत चिल्लर वाजवायची नाही." मग आत गेली आणि पुन्हा मुकी. तो बिचारा बाहेर उभा राहून इकडे तिकडे बघत होता, आपल्याला हाकललंय की जेवायला बोलावलंय ते न कळून.

नेहमीची गिऱ्हाईकं बोटांनी मागवतात. एक बोट म्हणजे वाईन, मूठ म्हणजे न्योक्की, पिठाचे उकडलेले गोळे, आडवा तळहात म्हणजे चीज. आत हसायचं असेल तर बाहेर येऊन हसायचं आणि मग पुन्हा जाऊन बसायचं. कुत्रं आत येत नाही, कुणाचंच. दाराशी येतं, मान तिरकी करून फटीकडे बघतं, आणि जसं आलं तसं मागे मागे पावलं टाकत जातं.

ती फट मागच्या खोलीत आहे. पुढे दगडी टेबलं, मग जाड भिंतींची बसायची खोली, आणि तिच्या पाठीला डोंगरातून आलेल्या धोंड्यांना टेकून बांधलेली कोठी. तिथे दोन धोंड्यांच्या मध्ये हात जाईल, पण डोकं जाणार नाही, एवढं काळं तोंड आहे. त्यातून उन्हाळाभर गार वारा येतो. तोच सोरेल. त्याच्या जिवावर वाईन टिकते, मांस मुरतं, म्हातारी माणसं जुलैत शाल घेऊन बसतात. ह्या धोंड्यांच्या खाली काय आहे ते इथे कुणी कुणाला सांगत नाही. कोंतो डोंगराचा कडा खाली आला त्याला चारशे वर्षं झाली. आपण बटाटे लावतो ते कुणाच्या तरी छपरावर, एवढं ठाऊक असलं की पुरतं. तरी पावसाळी दिवसांत सोरेलला कधी कधी भाजल्या पावाचा वास येतो, आणि तेव्हा कुणीच म्हणत नाही की बेकरी जवळ आहे. कारण बेकरी नदीच्या पलीकडे आहे.

उन्हाळ्यात सोरेल श्वास सोडतो आणि हिवाळ्यात आत ओढतो. पण मध्ये, नोव्हेंबरात, पानं झडून गेल्यावर, काही दिवस असे येतात की तो दोन्ही करत नाही. मेणबत्ती धरली तर ज्योत खिळ्यासारखी उभी राहते. त्या दिवसांत त्रूदेमावशी गिऱ्हाईक घेत नाही. दार उघडं ठेवते, स्टूल फटीशी ओढते, आणि हात मांडीवर ठेवून बसते. लोकांना वाटतं बोलते. ती ऐकत असते.

काय ऐकते, ते मी एकदा विचारलं. ती बाहेरच्या बाकावर घेवडा सोलत होती.

"श्वास," ती म्हणाली.

"तो तर सगळ्यांनाच ऐकू येतो."

"तसला नव्हे गं. माणूस बोलायच्या आधी घेतो ना, तेवढाच. मग पुढे काही येत नाही."

मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं तिला नवं होतं, म्हणून असेल, तिने पुढचं सांगितलं. बाकीचं तुकड्यातुकड्यांनी आईकडून कळलं, पण जे महत्त्वाचं ते त्या बाकावर.

ती तिघं भावंडं. थोरली आर्मिदा, मधला चेल्सो, धाकटी त्रूदे. ती फट तेव्हा रुंद होती, अंग चोरलं की मुलगा आत जाईल एवढी. आणि खालच्या गावाच्या घंटा सोन्याच्या होत्या अशी अफवा तेव्हाही होतीच. चेल्सो एका दुपारी मेणबत्ती घेऊन आत शिरला. बाहेर आर्मिदा पहाऱ्याला, त्रूदे तिच्या फ्रॉकला धरून. थोड्या वेळाने आत दगड सरकल्याचा आवाज आला, मोठा नाही, कपाटात कपबशा सरकाव्यात तसा.

"मग सगळं गाव आलं," त्रूदे म्हणाली. "आणि सगळं गाव ओरडायला लागलं. चेल्सो! चेल्सो! बाबा, काका, पाद्री, पोलीस. पहारी मारतायत, ओरडतायत. देवळाची घंटा सुद्धा बडवली कुणीतरी, त्याला दिशा कळावी म्हणून. दिवसरात्र. सगळ्यांत जोरात ताई. तिचा आवाज तुला माहितीये."

"माहितीये."

"मी खाली बसले होते, लोकांच्या पायांमध्ये. कान फटीला लागलेला माझा. मला ऐकू येत होता तो."

घेवड्याची शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

"काय म्हणत होता?"

"म्हणत होता, ओरडू नका. दगड पडतायत. ओरडू नका." तिने शेंग उघडली. "मी ताईचा फ्रॉक ओढला. म्हटलं, ताई, तो म्हणतोय ओरडू नका. तिने माझा हात झटकला आणि आणखी मोठ्याने ओरडली. तिचं काय चुकलं? सगळे ओरडत होते. ती गप्प बसली असती तर लोक म्हणाले असते, बघा, हिला भावाचं काही नाही."

चेल्सो सापडला नाही. खणताना धोंडे आणखी बसले आणि फट आत्ताच्या एवढी झाली. देवळामागे त्याच्या नावाचा दगड आहे, खाली काही नाही. तेव्हापासून त्रूदे आत बोलत नाही. आणि आर्मिदा आत पाऊल टाकत नाही. कियावेन्नाला राहते, दर रविवारी जेवणानंतर बहिणीकडे येते, पण बाहेरच्या टेबलावर, दाराकडे पाठ करून. आणि बोलते. आर्मिदामावशी बोलते म्हणजे मध्ये कुठे थांबा नसलेली बस.

"अगं त्रूदे तू अजून तोच स्वेटर घालतेस काय गं बाई त्याला भोकं पडलीयेत, आणि तो इव्हानो तिकडे गाडी लावतोय त्याला सांग म्हणावं चिखल आहे माझे बूट नवे आहेत, कॉफी आहे का, नको, कॉफीने मला झोप लागत नाही, पण आहे का?"

इव्हानो तिचा मुलगा. सगळा घोळ त्याच्यापासून सुरू झाला.

इव्हानोच्या आजोबांनी वाटणी केली तेव्हा पुढची खोली धाकटीला दिली आणि मागची कोठी थोरलीला. म्हणजे टेबलं, चूल, दार त्रूदेचं, पण सोरेल आर्मिदाचा. इतकी वर्षं ह्याने कुणाचं काही अडलं नव्हतं. ह्या ऑक्टोबरात इव्हानो आला, बूट पुसत पुसत, आणि मावशीला बाकावर बसवून तिच्यासमोर उकिडवा बसला. मिलानला राहिल्यापासून तो प्रत्येक वाक्य असं बोलतो की शेवटी पडदा पडून टाळ्या होणार आहेत.

"मावशी. मी फक्त शक्यता सांगतोय. मागची खोली. दगडी भिंती. वरून काच. लाकडी पलंग. मिलानची जोडपी शनिवार-रविवार इथे येण्यासाठी रांग लावतील."

"मांसाबरोबर झोपणार ती?"

"मांस पुढे घ्यायचं ना. फ्रीज आणतो मी तुला, मोठा."

"आणि सोरेल?"

इव्हानो हसला. "मावशी, खोली गरम कशी करायची, भिंतीत भोक असताना? ते बुजवावं लागेल. एक पोतं सिमेंट. अर्ध्या तासाचं काम."

त्रूदेने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने मला हाक मारली, मी वरच्या खिडकीत होते. "ए रेडिओ! ह्याने आत्ता काय म्हटलं ते पुन्हा म्हण, मला नीट ऐकू आलं नाही."

मी इव्हानोच्या आवाजात म्हटलं, "एक पोतं सिमेंट. अर्ध्या तासाचं काम." शेवटी टाळ्यांसाठी थांबले सुद्धा.

इव्हानोचे कान लाल झाले. पण खोली त्याच्या आईची होती, आणि आईने रविवारी, दाराकडे पाठ करून, एका श्वासात हो म्हटलं होतं. "बुजवून टाका मेलं, मला काय करायचंय त्या भोकाचं, साठ वर्षं झाली गं त्रूदे, तुझं वय काय माझं वय काय, गुडघे बघ माझे, एकदा बुजलं म्हणजे तूही माणसासारखी आत बोलशील आणि मीही—" आणि तिथे ती थांबली, कॉफीत साखर घातली, आधीच घातली होती तरी पुन्हा घातली.

त्या रात्री त्रूदेच्या खिडकीत दिवा नव्हता आणि दुसऱ्या दिवशी तिने न्योक्की केल्या नाहीत. दार मात्र उघडं होतं. मी डोकावले तर ती स्टुलावर, हात मांडीवर. सोरेल अजून हळूहळू श्वास सोडत होता. तिच्या कपाळावरची बट त्याने हलत होती, आई झोपलेल्या पोरावर फुंकर घालते तशी.

इव्हानोला अडवलं ते गवंड्याने. आमच्या खोऱ्यात दगडाचं काम बोर्तोलो करतो. दातांत काडी धरून बोलतो, त्यामुळे प्रत्येक वाक्याचे दोन तुकडे होतात आणि मधल्या वेळात काडी इकडून तिकडे जाते.

"बुजवीन की." काडी उजवीकडे. "पण वारा वाहत असताना सिमेंट धरत नाही. तो उभा राहू दे आधी."

"म्हणजे कधी?"

"नोव्हेंबरात, मार्तिनोच्या सणाच्या आसपास." काडी डावीकडे. "आणि मालकिणीने आत येऊन म्हणायला पाहिजे."

"काय म्हणायला पाहिजे?"

बोर्तोलोने त्याच्याकडे असं बघितलं, की हा पोरगा खरंच इथलाच ना. सोरेल बुजवायचा तर पद्धत आहे. मालकाने फटीशी मेणबत्ती लावायची. ती बोटभर जळेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, म्हणजे आतल्याला हरकत घ्यायची असेल तर घेता यावी. मग मालकाने स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने म्हणायचं: 'आमचं तुझ्यापाशी काही राहिलेलं नाही. बंद करतो.' त्यानंतरच गवंड्याने थापी लावायची. बोर्तोलोच्या बापाने एकदा तसं न करता एक बुजवला होता. त्या घराचं पुढे काय झालं ते बोर्तोलो सांगत नाही, पण त्या घराजवळून जाताना काडी थुंकून टाकतो.

"हे कुठल्या कायद्यात आहे?" इव्हानो म्हणाला.

"माझ्या." काडी मध्ये. "दुसरा गवंडी बघ नाहीतर."

दुसरा गवंडी बोर्तोलोचा भाऊ. इव्हानोने हात वर केले. "ठीक आहे. आई येईल. आई म्हणेल. एक वाक्य आहे, आईला वाक्यं कमी पडतात का?"

इतकं सरळ होतं ते. आर्मिदा आत आली आणि तिने ते वाक्य म्हटलं, की साठ वर्षं उघडं ठेवलेलं तोंड बंद. त्रूदेकडे चेल्सोचं दुसरं काही नव्हतं. फोटो नव्हता, देवळामागच्या दगडाखाली तो नव्हता. होता तो एवढाच, श्वास, आणि पुढे काही नाही.

मी बाकावर तिच्याशेजारी बसले. मला वाईट वाटत होतं आणि वाईट वाटलं की मी जास्त बोलते. "मावशी, तू तिला सांग. रड. तिला सांग ना तो काय म्हणाला होता."

"तिला ठाऊक आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग आता ती येणार, बोलणार आणि संपलं."

"आधी गप्प बसायचंय तिला," त्रूदे म्हणाली. "बोटभर."

मला हसू आलं, उगाच, तोंडातून निसटलंच. "आर्मिदामावशी? बोटभर मेणबत्ती? अगं, लग्नात तिने पाद्रीला मध्येच तोडलं होतं म्हणे. 'हो हो, सुखात आणि दुःखात, पुढचं बोला, जेवण थंड होतंय.' ती निम्म्या बोटावर म्हणेल, 'ही मेणबत्ती कुठून आणलीस गं, आमच्याकडे स्वस्त मिळते.' ते सुद्धा तुझ्या बाजूने झालं म्हण, पद्धत मोडली की बोर्तोलो थापी उचलणार नाही."

"मग उद्या पुन्हा लावतील. परवा पुन्हा. कधीतरी जळेलच पुरती." तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "नाही. ती बसेल गप्प. पहिल्याच फटक्यात."

"लाव पैज."

"लावली. तू जिंकलीस तर ख्रिसमसची बकऱ्याची अख्खी तंगडी तुझी. हरलीस तर एक पोतं चेस्टनट सोलायचे. मागच्या कोठीत बसून. तोंड न उघडता."

मी टाळी दिली. तंगडी कुठे टांगायची ते सुद्धा मी ठरवून टाकलं.

तो दिवस राखाडी होता आणि इतका थांबलेला की समोरच्या उतारावरचा धूर दोरीसारखा सरळ वर जात होता. जेवणं उरकल्यावर गाडी आली. आर्मिदामावशीचा आवाज तिच्या आधी उतरला. "केवढी थंडी आहे बाई इव्हानो मफलर दे तो नव्हे तो निळा, आणि बोर्तोलो तुझ्या बायकोचा पाय कसा आहे, बरा नसेलच, मी म्हटलं होतं, आणि ही पोरगी इथे काय करतेय शाळा नाही का हिला आज—" हे सगळं उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्याशी ती थांबली, पण आवाज नाही थांबला, उलट चढला. अंधारात शिरताना लहान मुलं गाणं म्हणतात तसा. "—आणि हा दरवाजा इतका बुटका होता का गं पूर्वी, मला वाटतं नव्हता, की मीच—"

त्रूदे पुढे झाली. तिने बहिणीचा हात धरला आणि आत घेतलं. बसायच्या खोलीतून, वाईनच्या पिंपांमधून, मागच्या कोठीत. आर्मिदाचं बोलणं वाटेत कुठेतरी विझलं. मी तिच्या पाठोपाठ, माझ्या मागे इव्हानो, आणि शेवटी बोर्तोलो सिमेंटचं पोतं खांद्यावर घेऊन. त्याने पोतं टेकवलं आणि टोपी काढली. काडीही काढली. काडीशिवाय त्याचा चेहरा कुणा दुसऱ्याचा वाटत होता.

त्रूदेने फटीशी मेणबत्ती लावली. नखाने बोटभरावर खूण केली. ज्योत उभी. इतकी उभी की चित्रातली वाटावी.

मी आर्मिदामावशीकडे बघत होते. सुरुवातीला माझी तंगडी पक्की होती. तिचे ओठ हलत होते. एकदा तोंड उघडलं, बंद केलं. एकदा घसा साफ करणार होती तोच त्रूदेची नजर तिच्यावर पडली, आणि घशातला आवाज घशातच राहिला. इव्हानोचं जाकीट त्याच्या प्रत्येक श्वासाला चुरचुरत होतं. मग त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं, कारण तोही दगडासारखा उभा राहिला.

गप्प बसलं की आधी जवळचे आवाज येतात. पोत्यातली पावडर बसल्याचा. पिंपातून एक थेंब. मग ते संपतात आणि लांबचे येतात. नदी. मग नदीही मागे जाते, आणि आत, त्या काळ्या तोंडाच्या आत, आपण कधी गेलोच नव्हतो अशा खोलीतून, काहीतरी टिक् झालं. एक खडा, दुसऱ्या खड्यावर. कपाटातल्या कपबशांसारखं, पण एकच बशी.

आर्मिदामावशीचं तोंड उघडं राहिलं. आता त्यात बोलणं नव्हतं.

तेवढ्यात ज्योत हलली. कुणी दार उघडलं नव्हतं. ज्योत हळूहळू कलली, फटीकडे, आतल्या बाजूला, आणि आणखी कलली. उन्हाळा संपला की तो आत ओढायला लागतो, हे लहानपणापासून ऐकलेलं, आणि त्या दिवशी तो वळला असेल, दर वर्षी कधीतरी वळतोच. पण माझ्या अंगावरचे केस जसे उभे राहिले ते वाऱ्याने नव्हे. तो कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज होता. खूप वेळ दबून राहिलेल्या माणसाने, बोलायला सुरुवात करण्याआधी घेतलेला. आम्ही सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत होतो. इव्हानोसुद्धा.

आर्मिदामावशी गुडघ्यांवर बसली. ज्या गुडघ्यांची ती दर रविवारी तक्रार करते त्याच. सिमेंटच्या पोत्याला धरून खाली झाली, आणि फटीच्या तोंडाशी तिने तोंड नव्हे, कान नेला. तिचे पांढरे केस आत ओढले जात होते. त्रूदे तिच्याशेजारी तशीच खाली बसली, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींना चिकटून, एकमेकींकडे न बघता, ऐकत राहिल्या. मी हातभर अंतरावर होते. मला श्वास ऐकू आला, त्याच्यापुढे काही नाही. तिला काय ऐकू आलं मला माहीत नाही. तिचा चेहरा मात्र मोठ्या बहिणीचा राहिला नाही. फ्रॉक धरून कुणी ओढतंय आणि ह्या खेपेला ती खाली वाकली आहे, असा झाला.

मेणबत्ती खुणेपर्यंत आली. खुणेच्या खाली गेली. कुणी हललं नाही. शेवटी इव्हानोलाच धीर निघाला नाही. तो पुटपुटला, पडदा नाही, टाळ्या नाहीत, लहान मुलासारखा: "आई. ते वाक्य. म्हण ना, एवढंच आहे."

आर्मिदामावशीने मान वळवली नाही. फक्त हात वर केला, आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

बोर्तोलोने टोपी घातली. पोतं परत खांद्यावर घेतलं, इतकं हळू, की झोपलेलं मूल उचलावं, आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने दोघी उठल्या. आर्मिदामावशी बाहेर आली, तिच्या नेहमीच्या दगडी टेबलाशी गेली, आणि बसली ती दाराकडे तोंड करून. इव्हानो भोवती फिरत होता. "आई, तू बरी आहेस ना? काय झालं? काय ऐकलंस? काहीतरी बोल की!" तिने त्याच्याकडे बघून आडवा तळहात दाखवला.

चीज.

त्रूदेमावशीने चीज आणलं, बहिणीसमोर ठेवलं. मग उंबऱ्याशी उभी राहिली, एक पाय आत आणि एक पाय बाहेर, बोलायला हरकत नाही एवढीच बाहेर, आणि माझ्याकडे वळली.

"चेस्टनटचं पोतं पिंपाच्या मागे आहे," ती म्हणाली. "सुरी घेऊन ये. आणि रेडिओ घरी ठेवून ये."